समुद्रकिनारी एक तास, मार्गे आसेगाव

"बकरी खाली उतरवा! हे मोटर आहे, बाजार नाई!"

कंडक्टर ओरडत होता. बकरीनं बाकाखालून उत्तर दिलं. बकरीच्या मालकिणीनं मात्र खिडकीबाहेर असं काही तोंड वळवलं, जणू हे जनावर तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"अवो मावशी, तुमालेच म्हनून राहिलो!"

"मंग मोठ्यानं बोल ना, बाप्पा," मावशी म्हणाली.

अमरावतीचा स्टँड हसला. कंडक्टरनं हात टेकले, घंटीची दोरी दोनदा ओढली. मोटर खोकली, शिंकली, हलली. आणि हाच माणूस, गळ्यावरची शीर अजून खाली बसली नव्हती तोवर, माझ्या बाकाशी येऊन हळूच म्हणाला, "गुर्जी, दुसरा प्यारा म्हनू का?"

आणि गाईडातल्या 'समुद्रकिनारी एक तास' या निबंधाचा दुसरा परिच्छेद म्हणू लागला, "द सी ब्रीझ वॉज कूल अँड प्लेझंट."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. आमच्या वऱ्हाडातलं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे, टपावर अंडी ठेवली तर परतवाड्याला पिल्लं पायी उतरायची. खिडकीतून धूळ येत होती, पायाशी बकरी होती, आणि डोक्यावर समुद्राचा गार वारा.

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी परतवाड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि राहत होतो अमरावतीला. रोज जाणं, रोज येणं. वर्गात एकेका पोराला एकच वाक्य साठ वेळा सांगून झाल्यावर माझी देवाकडे एकच मागणी उरली होती, की मोटरीत झोप लागू दे. देवानं त्याऐवजी मला हा कंडक्टर दिला.

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. म्याट्रिकला तीनदा बसलेला. बाकीचे विषय कधीच सुटले होते, इंग्रजी तेवढं अडून बसलं होतं, आणि इंग्रजीत निबंध. त्याला म्याट्रिक कशाला हवं होतं? खुर्चीसाठी. डेपोत खुर्चीवर बसून गाड्यांच्या वेळा लावणारा कंट्रोलर पुढच्या उन्हाळ्यात घरी बसणार होता. त्याची जागा म्याट्रिक झालेल्या कंडक्टरला मिळणार होती, आणि वरिष्ठांनी याला सांगून ठेवलं होतं, या वर्षी पास झालास तर तुझी, नाहीतर दुसऱ्याची.

"मोटरीत पन्नास मानसं बसते, गुर्जी," तो म्हणायचा. "एकच उभा राहते. सोळा वर्सं झाले."

एकदा आसेगावच्या थांब्यावर त्यानं विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवला. शिरा अशा फुगलेल्या, की विहिरीवर दोर नसता तर त्यांनीच पाणी काढलं असतं. मी थट्टा केली. तोही हसला, आणि पाय झाकून घेतला.

तेव्हापासून वलगाव ते परतवाडा मी झोपलो नाही.

"भाऊ, हा समुद्र सोडा," मी रोज सांगायचो. "तुमी समुद्र पाह्यला काय?"

"पूर्णेचा पूर पाह्यला."

"मंग? निबंध जोरदार पाहिजे तर डोळ्यानं पाह्यलेलं लिहा. लहान लहान वाक्यं. पेपर तपासणारा माणूस तुमच्याइतकाच थकलेला असते. गाईडमधला शंभरावा समुद्र वाचून त्याले मळमळते. त्याच्यापुढे बकरी ठेवा, तो उठून बसते."

हे मी अनुभवानं सांगत होतो. मी स्वतः वह्या तपासताना इतक्या वेळा समुद्रात बुडालो होतो की माझ्या मिशांना मीठ धरायचं.

आणि काय सांगू, तो शिकला! चिमट्यानं तिकिटाला भोक पाडता पाडता वाक्यं पाडू लागला. "द ड्रायव्हर इज अँग्री. द गोट इज नॉट अँग्री." हे कोणत्या गाईडात सापडेल? पुढच्या बाकावरचे कापसाचे व्यापारी इंग्रजीतलं एक अक्षर न कळता माना डोलवायचे. मावशी म्हणायची, "म्हन रे अजून." तीन महिन्यांत त्या मोटरीवर त्याच्याजवळ असा निबंध तयार झाला की विलायतेत कोणी वाचला असता तर तिकडून तिकीट काढून आला असता.

तरी दिवसाच्या शेवटच्या फेरीत, मोटर अर्धी रिकामी असताना, तो दाराच्या दांडीला टेकून पुन्हा तोच समुद्र पुटपुटायचा. शेवटी मी वैतागून विचारलं, "काहून हो? त्यात आहे तरी काय?"

"त्यात तो मानूस तासभर वाळूत बसलेला आहे, गुर्जी."

मी तेव्हा जांभई दिली. दमलो होतो.

मार्चमध्ये परीक्षा आली. त्याचा फॉर्म सासुरवाडीहून भरलेला, म्हणून तो अकोल्याला गेला. मी आमच्या शाळेत देखरेखीला. इंग्रजीच्या पेपरचं पाकीट फुटेस्तोवर मला डुलकी लागत होती. मग प्रश्नपत्रिका हातात आली आणि निबंधाच्या चार विषयांत तिसरा दिसला: बसचा प्रवास.

मी अशी टाळी वाजवली की घाबरून तिघा पोरांनी कोरे पेपर देऊन टाकले.

संध्याकाळच्या मोटरीत मी उभा राहून भाषण केलं. व्यापाऱ्यांनी पेढे कबूल केले. मावशी म्हणाली, "त्याले म्हना खुर्चीवर बसला की आमच्या बकरीले विसरू नको." चार दिवसांनी तो ड्यूटीवर आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या तोंडात पेढे कोंबले. मी विचारलं, "कसा गेला पेपर?" भरल्या तोंडानं तो म्हणाला, "लिहिला जी," आणि लगेच मागे वळून कोणाच्या तरी वळकटीवर ओरडला. पेढ्यांमुळे जास्त बोलला नसेल, असं मी धरून चाललो. पुढे शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी मोटरीत गाढ झोपलो. पास झालेल्या विद्यार्थ्याच्या मास्तरची झोप होती ती.

जूनमध्ये निकाल लागला. पेपरात त्याचा नंबर नव्हता. मी चष्मा पुसून पाहिला, शेजाऱ्याचा पेपर आणून पाहिला. छापखान्यालाही शिव्या दिल्या. नंबर नव्हताच. आठवड्याभरात खुर्चीवर बडनेऱ्याचा एक कोवळा पोरगा बसलाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी मोटरीत चढलो. तो दाराशी उभा. माझं तिकीट फाडलं, बोटाला थुंकी लावून पुढचं मोकळं केलं. पाय जरा फाकवून उभा राहत होता.

"भाऊ," मी म्हणालो, "बसचा निबंध कुठं फसला? आपली बकरी घातली ना त्यात?"

"बसवर नाई लिहिला."

"मंग?"

"समुद्रावर लिहिला. तोही होता चारात."

माझा आवाज चढला. अख्खी मोटर वळून पाहू लागली. "अहो, सोळा वर्सं या रस्त्यानं जाऊन-येऊन राहिले तुमी! हात धरून विषय दिला देवानं! बसच्या प्रवासावर तुमच्यापेक्षा कोण लिहिन? काहून नाई लिहिला?"

त्यानं घंटीच्या दोरीला हात घातला.

"मी कदी प्रवास केला काय, गुर्जी? मी तं ड्यूटी केली."