विमानातला रोजा

आता तुम्ही हसणारच, पण ऐका. चांगलं करायला गेलो आणि अख्ख्या विमानासमोर माझी फजिती झाली!

त्या वर्षी आमची संत्र्यांची वॅगन मुंबईत अडकली. माल सडायच्या आत पोचायचं, म्हणून मी आणि गफ्फारभाई नागपूरहून विमानात बसलो. गफ्फारभाई म्हणजे अमरावतीच्या फळबाजारातले माझे भागीदार. विमान दोघांनाही नवीन. त्यात रमजान सुरू!

माझ्या चतुर्थीला हा माणूस बाजारभर फिरून माझ्यासाठी केळी शोधून आणतो. कोणी चुकून माझ्यापुढं भजी धरली, तर त्याच्या अंगावर जातो. मग त्यांचा रोजा मी सांभाळायला नको? आकाशात गेला म्हणून काय रोजा मोडू द्यायचा?

विमान वर गेलं. हवाईसुंदरी सँडविच, केक, चहा घेऊन आली. गफ्फारभाईंचा हात पुढं झाला. भूल पडली असेल बिचाऱ्यांना! मी ओरडलोच, "न्या ते! आमचा रोजा आहे!"

"दोघांचाही?" ती मराठीच निघाली.

आता त्यांच्या शेजारी बसून मी केक हाणू? म्हटलं, "दोघांचाही!"

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, वाचवलं म्हणून.

ती पोर मोठी भली. कॅप्टनला विचारून आली. "काका, खाली सूर्य मावळला तरी इतक्या उंचावरून तो दिसत राहतो. इथून मावळला की कॅप्टन सांगतील. तुमचं खाणं मी झाकून ठेवलंय."

बातमी विमानभर झाली. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी सिगारेट विझवली. पलीकडच्या बाईंनी आमच्यासमोर नको म्हणून केक रुमालात गुंडाळला. मला तर गहिवरून आलं.

पण तो सूर्य! मावळेल तर शपथ! आम्ही पश्चिमेला, तोही पश्चिमेलाच. अमरावतीत अजान होऊन गेली असेल, आणि इकडे माझ्या पोटात कावळे कोकलत होते.

"गफ्फारभाई, जमून राहिलं ना?"

"माहं सोडा जी. तुमी कसे आहा?"

काय हा माणूस! स्वतः उपाशी आणि काळजी माझी.

शेवटी कॅप्टनचा आवाज आला, सूर्य मावळला. हवाईसुंदरी धावत पाणी आणि खाणं घेऊन आली. मी ग्लास गफ्फारभाईंपुढं धरला. "घ्या, सोडा रोजा."

"पयले तुमी."

"मी काहून? रोजा तुमचा!"

"माहा?" गफ्फारभाई उडालेच. "माहा कुठचा रोजा? मुसाफिराले सूट असते जी! सुटलेला रोजा मंग ठेवता येते. मी तं घरून पोटभर जेवून निंगालो. तुमी माह्यासाठी रोजा धरला, मंग तुमच्यासमोर कसा खाऊ? म्हनून उपाशी बसलो!"

सारं विमान कान टवकारून ऐकत होतं. हवाईसुंदरीनं हळूच विचारलं, "मग रोजा होता तरी कोणाचा?"

मला दरदरून घाम फुटला. पुसायला खिशातून रुमाल ओढला, तर त्याच्यासोबत एक तेलकट पुडी गफ्फारभाईंच्या मांडीवर पडली. नागपूरच्या विमानतळावर ते नमाजाला गेले, तेव्हा मी दोन आलूबोंडे चापले होते. हा तिसरा उरला होता.

गफ्फारभाईंनी पुडी सोडली. आलूबोंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शांतपणे त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्या हातावर ठेवला.

"घ्या, रोजेदार. सोडा आता!"