खड्याला तारीख कळवली नव्हती

"मशीन चालू हाय ना?" पेशंटनं विचारलं.

"आहे."

"मंग काहून थांबून राहिले?"

कारण मशीनला लाल फीत बांधली होती आणि ती कापायला मंत्रीसाहेब यायचे होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी टेक्निशियन होतो. पोट न फाडता मुतखडा फोडणारं मशीन आमच्याकडे नुकतंच आलं होतं. पेशंटला भूल देऊन पाण्याच्या टबात बसवायचं, एक्स-रेवर खडा नेमका धरायचा, खालून ठिणगी पाडायची. धक्क्याची लाट पाण्यातून अंगात शिरते. मऊ मांस तिला वाट देतं. कडक खडा फुटतो आणि रेतीसारखा लघवीतून पडतो.

पेशंट तुळशीरामजी कन्हानकडच्या खाणीत सुरुंग लावायचे. खडा मूत्रनळीत अडकलेला. कळ आली की माणूस दुमडून जायचा. त्यात मंत्र्यांचा दौरा दोनदा पुढे गेला. चार दिवस इंजेक्शनं टोचून आम्ही 'पहिला पेशंट' सांभाळून ठेवला, उद्घाटनाच्या नारळाशेजारी. मला लाज वाटत होती.

"सर, आजच करून टाकू," मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं.

"मग मंत्री उद्घाटन कशाचं करतील?"

उद्घाटनाच्या सकाळी तुळशीरामजी संडासातून हसत आले. लघवी फडक्यातून गाळायला आम्हीच सांगितलं होतं. फडक्यात तुरीएवढा खडा. "घ्या साहेब. पडला!"

एक्स-रे काढला. नळी मोकळी.

मोठे डॉक्टर घामाघूम झाले. "मंत्री निघालेत! टबात बसवा त्याला. चार शॉक द्या. कोणाला समजतंय?"

"खडाच नाही, सर. मी देणार नाही." मी बोलून तर गेलो. नोकरी नवीन होती.

तोडगा तुळशीरामजींनीच काढला. "गोट्यालेच टाका ना टबात. मी बाजूले उभा राहतो."

खडा जाळीच्या कापडात बांधून टबात सोडला. फीत कापली गेली. मंत्र्यांचं बोट बटनापाशी पोचलं, तोच तुळशीरामजींनी सवयीनं शिट्टी मारली. "हटाऽऽ!" सुरुंगाला बत्ती देण्याआधी खाणीत असंच ओरडतात. मंत्री टुणकन मागं सरले आणि लांबून हात ताणून त्यांनी बटन दाबलं. ठो! बाकीचे शॉक मी दिले. खड्याचा भुगा झाला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की मंत्र्यांच्या हस्ते खाणकामगाराच्या पोटातला खडा फुटला. रजिस्टरातही तसंच लिही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मी लिहिलं, 'खडा आपोआप पडला.' ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

वर्षभरानं तुळशीरामजी दुसऱ्या बाजूचा खडा घेऊन आले. दारातच थांबले.

"साहेब, कोन्या गोष्टीचं उद्घाटन बाकी तं नाही ना?"

"नाही."

"मंग येतो आत."

त्याच दिवशी त्यांना टबात बसवलं. तेव्हापासून माझा नियम एकच. आधी खडा फोडावा. नारळ काय, मागाहूनही फुटतो.