बंदुकीचा दस्ता

आज जवसाच्या तेलाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी आखातातल्या वादी कबीर भागातलं वर्कशॉप आठवलं. दहाएक वर्षं झाली असतील. तिथे मी सुतारकाम करायचो.

एका दुपारी फिनलंडचा एक म्हातारा इंजिनीयर रायफलचा नुसता लाकडी दस्ता घेऊन आला. त्याच्या बापाने ती युद्धात वापरली होती. दस्ता दोन तुकड्यांचा होता, बोटांत बोटं अडकवावीत तसा जोडलेला. "बर्फाच्या ओलीने अखंड लाकूड वाकायचं, नेम चुकायचा, म्हणून असा," तो म्हणाला. "इथल्या उन्हाने सुकलाय. तेल दे."

मी तीन दिवस जीव ओतला. दस्ता आरशासारखा चमकायला लागला.

तो आला आणि एकाच जागी अंगठा फिरवत राहिला. "इथे खाचा होत्या."

"हो साहेब, सगळ्या घासून काढल्या," मी फुशारकीने सांगितलं.

"बापाने कोरल्या होत्या. न परतलेल्या दर मित्रामागे एक."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दस्ता फडक्यात गुंडाळला. "खलास," एवढंच म्हणाला.

आता हात थकलेत. तरी जुनं लाकूड आलं की पॉलिशपेपर हातात घ्यायच्या आधी विचारतो, "यावरचं काय ठेवायचं?"

बहुतेक जण म्हणतात, "काही नको. नवं करून द्या."