हिलालने निवडलेली कण्हेर

मेहरूणच्या हिलाल माळ्याला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भाकरीसुद्धा तो वाफ्यावाफ्यांतून फिरतच खायचा. एकोणीसशे वीस साली पावसाने दगा दिला, तेव्हा तर त्याची तगमग बघवेना. दीपचंद शेठच्या बागेतला मोगरा वाळला, शेवंती गावच्या शेळ्यांनी फस्त केली, गुलाबाच्या कळ्या वानरांनी ओरबाडल्या. जे उरलं ते शेठाणी सूरजबाईंच्या पाळीव हरणाने संपवलं. शेठ म्हणाले, "टिकेल ते लाव, नाहीतर बाग मोडून टाकू." बाग मोडली तर हिलालने जायचं कुठे?

त्याची परीक्षा साधी होती. कुठल्याही झाडाची फांदी दिवसभर आपल्या शेळीपुढे टांगायची. तिने तोंड लावलं की झाड बाद. अशी पंधरा झाडं बाद झाली. कण्हेर मात्र तिने हुंगली आणि मान फिरवली. हरणानेही फिरवली. हिलालने बागेभोवती तिचंच कुंपण लावलं. आठवड्याला एक घागर पाण्यावर ती जगली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सगळं कुंपण लाल-पांढरं झालं.

"हिलाल, तुझ्या शेळीला पगार सुरू करायला हवा!" शेठ हसले.

वैशाखात हिलालने कण्हेर छाटली. बागेत जाळपोळ करायची नाही, किडामुंगी मरते, असा सूरजबाईंचा सक्त नियम. म्हणून त्याने फांद्या भिंतीशी रचल्या. वाळल्या की लांब नेऊन पुरू, असा विचार. तिसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर ढीग नाही.

"शेठाणीबाई, तो पाला कोठे शे?"

"अहो, आज अष्टमी ना! पांजरपोळात धाडला. उपाशी गायींच्या तोंडी चार घास पडतील."

हिलाल जोडा न घालताच पळत सुटला. आपण ओला पालाच तेवढा शेळीपुढे धरला होता, वाळल्यावर त्याचा वास मरतो आणि जनावरं तो खातात, हे त्याला आत्ता धावताना सुचत होतं.

पांजरपोळात कौतिक गवळी गव्हाणीत पाला पसरत होता. "हिलालभाऊ, वाघ मांगे लागना का?"

"टाकू नको! जहर शे ते!"

दोघांनी हातांनी गव्हाण उपसली. एका तांबड्या गायीच्या तोंडातून हिलालने बोटं घालून पानं ओढली. तिने बोटं चावली तरी त्याने पानं सोडली नाहीत. पण दोन-चार घास आधीच पोटात गेले होते. दुपारभर तो तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या प्रहरी ती आडवी झाली. मग उठली नाही.

मागोमाग आलेल्या सूरजबाई तिथेच भुईवर बसल्या. "पाप माझं, हिलालभाऊ. मी धाडला."

"पाला तुम्ही धाडला, बाई. झाड मी निवडलं."

"शेठला सांगते, दुसरं काही लावू."

"दुसरं जगत नाही. बाग जाईल."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

बागेत परतून हिलालने कुदळ आणली. मुळं खोल गेली होती. एकेका बुंध्यापाशी घामाघूम व्हायला झालं. दिवस मावळायच्या आत निम्मं कुंपण उघडं पडलं. फांद्या खड्ड्यात गेल्या, पण गळालेली पानं सगळीकडे विखुरली होती. तो गुडघे टेकून एकेक वेचू लागला. जरा वेळाने सूरजबाई पदर खोचून आल्या आणि पलीकडच्या टोकापासून वेचू लागल्या.