सूर्यभानआबांची अमेरिका

सूर्यभानआबांची अमेरिका १९३२ सालीच थांबली होती. अमेरिकेत मंदी आली, मिशनचा पैसा आटला आणि नगरच्या बंगल्यातल्या मडमबाई सामान बांधून मायदेशी गेल्या. त्यांचा स्वयंपाकी सूर्यभान गावी परतला. मडमबाई टपालाने आलेली वर्तमानपत्रे वाचून त्याला जेवढी अमेरिका सांगत, तेवढीच त्याने पुढे जन्मभर गावाला सांगितली. तिथल्या बायका केस मानेपर्यंत कापतात, स्वतः मोटार हाकतात, मतं देतात. शिवाय बायकांनीच सरकारच्या मागे लागून देशभर दारू बंद केली आहे!

बहात्तरच्या दुष्काळात हे ज्ञान कामी येणार, असे आबांना वाटले. सरपंच श्रीमंतरावांनी आबांच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत देशी दारूचे दुकान काढायचे ठरवले. आबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांची मुलगी मालन आणि जावई कानिफनाथ त्यांच्याच घरी राहत. पोळ्यापासून कानिफनाथने बाटलीला हात लावला नव्हता. पण भिंतीपलीकडून रोज ग्लासांचा खणखणाट ऐकून तो किती टिकणार?

परवान्यासाठी दुकानाला गावाची हरकत नाही, असा ठराव हवा होता. दुष्काळात चावडीवर कुणी फिरकेना, म्हणून श्रीमंतरावांनी सरकारी दुष्काळी कामावरच, खडीच्या ढिगापाशी, भाकरीच्या सुट्टीत ग्रामसभा भरवली. गडीमाणसे बरीचशी श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यावर गेली आहेत आणि खडी फोडताहेत त्या बायका, हे काही त्यांच्या ध्यानात आले नाही.

आबा उभे राहिले. "अमेरिकेसारख्या देशात दारूला कायद्यानं बंदी हाय! अन् आपुन दुकान काढायचं?"

गहिनीनाथ गुरुजींनी चष्मा सावरला. "आबा, ती बंदी केव्हाच उठली. तुम्ही गावी आलात, त्याच्या पुढच्याच वर्षी."

आबांनी विचारले, "कुनी उठवली?"

"लोकांनीच. चोरून गाळत होतेच. त्यात मंदी आली, सरकारला कर हवा होता."

"अमेरिकाआबा बुडाले!" कुणीतरी ओरडले. श्रीमंतराव पोट धरून हसले.

तेवढ्यात मालन हातोडा घेऊनच उठली. "गुरुजी, बंदी टिकली किती?"

"तेरा वर्षं."

"मग आमाला बी तेरा वर्सं द्या. अमेरिकेनं करून बघितलं, आमी बी बघतो. न्हाईच जमलं तर उठवू की!"

"आगं, असा कुठं ठराव असतो व्हय?" श्रीमंतराव म्हणाले.

"खडीवर सभा तरी कुठं असती, सरपंच?"

बायका पदरात तोंड लपवून हसल्या आणि मालनच्या ठरावाला हात वर झाले. पुरुषांतला पहिला हात अर्धवटच वर आला, मालनने पाहिले तसा पुरता सरळ झाला. तो कानिफनाथचा होता.

संध्याकाळी घरी जाताना आबांनी गुरुजींना गाठले. "गुरुजी, बंदी उठल्यावर मडमबाई... घेत असतील का वो?"

"आता हे मी कसं सांगणार, आबा?"

आबांनी जरा विचार केला. "न्हाई. त्यांना माझं ताक लई आवडायचं."

मग ते जावयाकडे वळले. "चल कानिफनाथ. घरी ताक हाय."

"ह्या दुष्काळात ताक कुठलं, आबा?"

"बरं, पानी हाय. चल."