रीतसर

'रीतसर' या शब्दाचा मला वीट आला आहे. मुलीच्या लग्नाचा हॉल समोरच्या नानांनीच ठरवला, आचारीही त्यांनीच शोधला. तरी काल म्हणाले, "आम्हाला अजून रीतसर आमंत्रण नाही." मग आज इस्त्रीचा शर्ट घालून, पत्रिका आणि अक्षता घेऊन मी त्यांची बेल वाजवली. एरवी मला 'अरे' म्हणणारे नाना गंभीर चेहऱ्याने "या, बसा" म्हणाले. हा शब्द घरात शिरला की रोजचा माणूससुद्धा पाहुणा होऊन बसतो, आणि त्याच्यासमोर हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही. नानांनी पत्रिका सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "जमवायचा प्रयत्न करतो." खाली निमंत्रकांमध्ये त्यांचं स्वतःचं नाव छापलेलं होतं.