केळ्यांना दाखला

माझा कोणावर विश्वास नाही. वजनकाट्यावर नाही, दूधवाल्यावर नाही, आणि गोड बोलणाऱ्यावर तर अजिबात नाही. शाळा मी तिसरीत सोडली, तीही गुरुजींच्या बेरजेचा संशय आला म्हणून! (बेरीज त्यांचीच बरोबर होती, पण ते कळेपर्यंत मी घरी पोचलो होतो.)

गिरीजला आमची केळ्यांची वाडी. जन्मात कधी युरिया टाकला नाही की औषध मारलं नाही. शेण, राख, पेंड आणि सुकी मासळी, एवढंच खत. माझी सून सुनंदा बारावी शिकलेली. ती एकदा म्हणाली, "आबा, अशा मालाला आता सेंद्रिय म्हणतात. दादरचा एक दुकानदार दुप्पट भाव देतोय. फक्त दाखला पाहिजे."

"कसला दाखला?"

"आपण औषध मारत नाही याचा."

"म्हणजे जो मारतो त्याला कोणी विचारत नाही, आणि जो मारत नाही त्याने पुरावा द्यायचा? हे कुठलं कोर्ट?"

"कोर्ट नाही हो. फी भरायची, मग तपासनीस येऊन वाडी बघून जातात."

फीचा आकडा ऐकून मी खाटेवरच बसलो. "अगं, एवढ्यात दारात म्हैस येईल!"

"म्हैस दाखला देत नाही, आबा."

शेवटी तिने स्वतःच्या भिशीचे पैसे भरले. शिवणाच्या मशीनसाठी ती भिशी लावलेली. मशीन ठेवायला खिडकीजवळचा कोपराही रिकामा करून ठेवलेला. मी एकच अट घातली: दादरवाल्यांनी काय द्यायचं ते द्यावं, पण वसईच्या बाजारात माझा भाव जुनाच राहील. त्या कागदाचा खर्च मी माझ्या गिऱ्हाइकांच्या माथी मारणार नाही!

आता, त्या वर्षांत आमच्याकडे बिल्डरची माणसं वाडी-वाडीतून फिरत. आधी प्यायला पाणी मागत, मग सातबारा. मी त्यांना लांबून ओळखायचो. तपासनीस साहेब दुपारी येणार म्हणून सुनंदा सकाळीच कागदांच्या झेरॉक्स काढायला वसईला गेली. ती गेली आणि रिक्षातून एक बारीकसा पोरगा उतरला. पायात चपला, हातात मोजायची टेप.

"आजोबा, जरा पाणी मिळेल?"

मी सावध झालो.

"वाडी केवढी आहे?"

"आहे तेवढी आहे."

"सातबारा बघायला मिळेल का?"

आला की नाही पाण्यावरून सातबाऱ्यावर! मी म्हटलं, "विकायची नाही!"

"मला विकत नकोय. हद्द बघायचीय."

"आधी सगळे बघायलाच येतात!"

"बरं, बांधाच्या पलीकडची वाडी कोणाची?"

"तीही घ्यायचीय वाटतं?"

तो हसला. माझा संशय पक्का झाला. तेवढ्यात पावसाची सर आली. मी खुंटीवरची गोणीची खोळ डोक्यावर ओढली आणि त्याच्यापुढे चालू लागलो, म्हटलं याला फाटकापर्यंत पोचवूनच येतो. मागे त्याची पावलं थांबली. वळून बघतो तर तो डोळे फाडून माझ्या पाठीकडे बघतोय. माझ्या पाठीवर, वीतभर अक्षरांत, छापलेलं होतं: युरिया.

त्याचं काय आहे, आमच्यात रिकामी गोणी कोणी टाकत नाही. शेजारी युरिया वापरतो. रिकामी गोणी तो मला देतो, मी त्याला केळ्याची फणी देतो. इतकं मजबूत कापड दुकानात मिळत नाही! बुजगावण्याचा सदरा त्याचाच, न्हाणीघराचा पडदा त्याचाच, केळी पिकत घातलेली तीही त्यातच. मला त्याची अक्षरं दिसेनाशी झालेली. त्या पोराला मात्र सगळीकडे तीच दिसायला लागली. त्याने वही काढली.

"आजोबा, तुम्ही युरिया वापरता?"

"जन्मात नाही!"

"मग हे काय आहे?"

"कापड!"

नेमकी घरातून आमची मंडळी ओरडली, "अहो, युरियावरच्या मिरच्या आत घ्या, भिजतायत!"

पोरगा ते भराभर लिहायला लागला. वाडीची किंमत पाडायला लिहितोय, असं मला वाटलं. मी कोयता उचलला (मारायला नाही, नुसता धरायला!) आणि त्याला फाटकाबाहेर काढलं. कडी घालतो तोच समोर रिक्षा थांबली. सुनंदा उतरली आणि म्हणाली, "साहेब, लवकर आलात?"

साहेबांनी शेरा मारला: सगळ्या गोण्या हटवा, मग नव्याने तपासणी. आणि नव्याने फी!

सुनंदा येता-जाता त्या खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे बघायची, बस. दोन दिवस मी ते सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "दाखला गेला खड्ड्यात. मीच विकून दाखवतो!" तिच्याकडून पाटी लिहून घेतली, 'बिनऔषधाची केळी, जुन्याच भावात', आणि रविवारी वसईच्या बाजारात जाऊन बसलो.

नव्या फ्लॅटमधली एक बाई आली. पाटी वाचली, केळं उलटंसुलटं करून बघितलं. "काका, दादरला अशी केळी दुप्पट भावाने मिळतात. तुमची इतकी स्वस्त कशी?"

"मी लुटत नाही म्हणून."

"छे! खरी सेंद्रिय एवढ्यात परवडतच नाहीत. नक्की औषध मारलेलं असणार."

सगळ्या जगावर संशय घ्यायचा हक्क माझा. हिने माझ्यावर घ्यावा? "औषध असेल तर सालीवर असेल ना?" असं म्हणून मी अख्खं केळं सालीसकट खाल्लं. माणसं जमली. दुसरं खाल्लं. एक जण म्हणाला, "खालच्या फणीतलं खाऊन दाखवा, वरची धुतलेली असतील." तेही खाल्लं! सातव्या केळ्याला टाळ्या पडल्या आणि टोपली रिकामी झाली.

संध्याकाळी पोटाने जो आवाज काढला तो शेजाऱ्यालाही ऐकू गेला असेल. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि खाजगीत विचारलं, "काका, खरं सांगा. वाडीत कुठलं औषध मारता?"

पुढच्या रविवारपर्यंत बाजारभर झालं होतं, स्वतःची केळी खाऊन म्हातारा आडवा! एक फणी विकली गेली नाही. आता तर दाखल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. माझ्या तेराव्याचं जेवण मुलं नीट घालतील याचा भरवसा नाही म्हणून मी थोडे पैसे बाजूला ठेवले होते, ते मुकाट्याने सुनंदाच्या हातात दिले. पहिल्या फीचेही त्यातूनच वळते करून घे म्हटलं.

नव्या अर्जात एक रकाना होता: शेतमालाच्या शुद्धतेला कशापासून धोका आहे? तो सुनंदाने मला न विचारताच भरला. मी चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत वाचलं. तिने लिहिलं होतं, 'सासरे'.

खाली सही मीच केली. वाडी माझ्या नावावर आहे. दुसऱ्या कोणाला करू देणार होतो थोडाच!